कोरडं वजन

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे साडेचारला मी हॉर्न वाजवत नाही,
गाडीचे दिवे दोनदा मिचकावतो.
टेकडीवरच्या घरातला दिवा विझतो, म्हणजे निघाली.
आधी काठी दिसते, मग गमबूट, मग ओतिलिया,
आणि फाटकापर्यंत सोबत येणारं
तिचं ओलं कुत्रं.

लेमुई बेटावरून कास्त्रोला जायचं
तर आधी फेरीबोट. बोटवाल्याला माहीत आहे,
पाच मिनिटं थांबतो.
चिलीच्या या टोकाला पावसाचे दिवस कुणी मोजत नाही,
कोरडे मोजतात.
छपरावर पाणी, कुंपणात पाणी, भोवती खाडी,
आणि तिला दिवसाला अर्धा लिटर.
त्यातच सूप आलं, गोळीबरोबरचा घोट आला,
जिभेवर विरघळवलेला बर्फाचा खडाही आला.
"सगळा जन्म पाण्यात गेला," ती म्हणते,
"आता पाणीच मला पाण्यात बघतं."

मागच्या सीटवर सेगुंदो कार्कामो.
तरुणपणी त्याने बैलांच्या बारा जोड्या जुंपून
अख्खं लाकडी घर समुद्रापर्यंत ओढत नेलं,
भरतीवर तरंगवत पलीकडच्या काठाला लावलं,
तेही चुलीतला विस्तव न विझू देता.
(विस्तवाचं गेल्या वर्षीपासून ऐकतोय.)
आता डाव्या हाताने पिशवीही उचलायची नाही.
त्या हातात शिरेला शीर जोडली आहे, ती गुरगुरते.
"ऐक," म्हणून तो मनगट माझ्या कानाला लावतो.
आत मांजर झोपलंय.

दवाखान्यात आधी काटा.
तिथे एकेकाचं पाणी जोखतात, अगदी खरोखरचं.
किती साठलं, किती काढायचं.
काढून उरतं ते कोरडं वजन.
ओतिलियाचं एकोणपन्नास किलो तीनशे ग्रॅम.
मंगळवारचा काटा रविवारची चहाडी करतो.

एकदा एक नवी मुलगी आली, हातात कागद.
"एक ते दहामध्ये सांगा, किती बरं वाटतं?"
"कुठल्या दिवसाचं, बाळ? मशीनच्या की मधल्या?
मधल्या दिवशी सकाळचं,
की रात्री पायात गोळे येतात तेव्हाचं?
आणि वाटाणा फुलला असेल तर वेगळं."
मुलीने पेन जरा हवेत धरलं. सहा लिहिलं.
पलीकडच्या खाटेवरून सेगुंदो,
"माझं साडेसहा लाव, मी तिच्याहून देखणा आहे."

बटाट्यांवर तिने पाणी सोडलं नाही.
म्हणजे सोडलं, पण पातेल्यात.
आईकडून आलेल्या बेण्याचे, लांबडे, आतूनही जांभळे;
ते पातळ चिरून रात्री भिजत घालते,
झोपण्याआधी पाणी बदलते, उठल्यावर पुन्हा.
हृदयाला चालत नाही ते उतरतं,
रंग उतरतो, चवही बरीचशी.
"धुतलेला शर्ट खाल्ल्यासारखं लागतं."
खाते. दोन चकत्या.
जांभळं पाणी लसणाच्या वाफ्याला जातं.

गेल्या सप्टेंबरात लावणीच्या वेळी तिला वाकवेना.
रविवारी मी गाडी काढली,
त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत,
आणि तिघांना घेऊन गेलो.
उलट्या बादल्यांवर बसून,
त्यांचे तीन उजवे हात आणि माझे दोन,
दुपारपर्यंत दोन सऱ्या झाल्या.
आठ तशाच राहिल्या.
सेगुंदोने नसलेल्या बैलांना हाका मारून घेतल्या.
ती बांधावरून चुका काढत होती,
"डोळा वर! वर ठेव डोळा, आंधळ्या!"

मग चहा. लहान पेले, मोजून.
कुणीही एका घोटात संपवला नाही.

मंगळवारी काट्यावर सगळे जड भरले.
नर्सने भुवया उंचावल्या, आम्ही छताकडे पाहिलं.
ओतिलियाच्या नखांत अजून काळं होतं.
"यातले दहा ग्रॅम मातीचे," ती म्हणाली,
"तेवढे काढू नकोस."